केमिस्टच्या खेळाबाबत माझी गोपनीय चौकशी

१२ जानेवारी १९८७, सोमवार. दुपारी ३
आजपासून रोज लिहिणार. तसंच कारण घडलं आहे.

गाळप एकोणीस दिवसांत संपलं. ऊस नव्हताच, होता त्यातला निम्मा दुष्काळी छावणीतल्या जनावरांनी खाल्ला. कारखाना बंद, पण टाइम ऑफिस बंद नाही. लोक सकाळी आठला येतात, मी हजेरी मांडतो. पाचला जातात, मी हजेरी मांडतो. मधल्या वेळात कुणालाच काम नाही. लोकांची कपात होणार अशी कुजबुज आहे.

अशा वेळी प्रयोगशाळेतला केमिस्ट विरुपाक्ष जेवणाच्या सुट्टीत एक मोठा खोका घेऊन आला. त्याचा भाऊ इंग्लंडात असतो, त्यानं पाठवलेला खेळ आहे म्हणे. ‘म्हणे’ हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. खोक्यात नकाशा, कोरे फॉर्म आणि फासे. एक फासा वीस बाजूंचा. सहा बाजूंत ज्याचं भागत नाही त्याचा हेतू सरळ नसतो.

मी काही खेळाडू माणूस नाही. जेवणानंतर पत्त्यांत मेंढीकोटचे दोन डाव, बस्स. अकरा वर्षं हेच चाललं आहे. मी आणि वजनकाट्यावरचा क्लार्क बब्रुवान एका बाजूला, स्टोअरकीपर तात्याराव आणि जीपवाला गुलाब दुसऱ्या बाजूला. बब्रुवानच्या हातात मेंढी, म्हणजे दश्शी, आहे की नाही हे मला त्याच्या भुवयांवरून कळतं. एवढं आमचं जमतं.

निश्चय: त्या खोक्याला हात लावायचा नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
लावला नाही. लांबून ऐकलं. विरुपाक्ष सांगत होता की या खेळात आपण दुसरंच कुणीतरी व्हायचं. तलवारवाला, मांत्रिक, चोर, काय वाटेल ते. एक अफाट मुलूख आहे, त्यात कुठंही जायचं. कुणी अडवत नाही. मी विचारलं, जिंकतं कोण? म्हणाला, कुणीच नाही. संपतो कधी? म्हणाला, संपत नाही. मग मी विचारलं, कुठंही जायचं म्हणजे जाणार कोण, कुठं, कधी, याची नोंद कोण ठेवतं? तो म्हणाला, मी ठेवतो.

म्हणजे झालं.

अधूनमधून पत्ते कुटणाऱ्या साध्या माणसानं असल्या खेळात उतरावं का, याची रीतसर चौकशी करायचं ठरवलं आहे. चौकशी अधिकारी मीच.

१५ जानेवारी, गुरुवार
सापडलं.

तात्यारावांनी भरलेला फॉर्म टेबलावर पडला होता. वर नाव. खाली रकाने: बळ, चपळाई, अक्कल, शहाणपण, छाप. प्रत्येकापुढं आकडा. हा खेळ नाही. हा गोपनीय अहवाल आहे. एम.डी. साहेबांनी कपातीसाठी काढलेली युक्ती आहे. नुसतं बोलावून विचारलं तर सगळेच स्वतःला हुशार म्हणवतील, म्हणून फाशाचं नाटक. विरुपाक्ष नवा आहे, बाहेरचा आहे, इंग्रजी वाचतो. तोच त्यांचा माणूस.

घरी बायकोला, गिरिजाबाईला, सांगितलं. ती म्हणाली, साहेबांना अक्कल बघायची असती तर खोका कशाला आणला असता, तुमाला नुसतं बोलत बसवलं असतं. हिला कारखान्यातलं राजकारण कळत नाही.

डायरीची जागा बदलली. आता मागच्या वर्षीच्या मस्टरच्या खाली.

१६ जानेवारी, शुक्रवार
खेळात उतरलो. खेळायला नव्हे, स्वसंरक्षणासाठी. बाहेर राहिलो तर माझा फॉर्म कोराच वर जाईल.

प्रत्येक रकान्यासाठी तीन फासे टाकायचे. बळ ११. ठीक. चपळाई ७. टाइमकीपरला चपळाईची गरज नसते. अक्कल ६.

तात्यारावांची १२. गुलाबची ९, आणि तो चौथी नापास आहे. बब्रुवानची १३.

फेरफाशासाठी लेखी अर्ज दिला. विरुपाक्षनं तो वाचला, हसू दाबलं आणि खोक्यात ठेवला. पोच दिली नाही.

१९ जानेवारी, सोमवार
प्रत्येकानं खेळातलं नाव घ्यायचं होतं. बब्रुवाननं ‘दर्यासारंग’ घेतलं. त्यानं आयुष्यात मोठं पाणी पाहिलं असेल तर ते तुळजापूरला जाताना लागणारं तळं, तेही भरलेलं असताना. मी नाव बदलायला नकार दिला. खोट्या नावानं कागद भरणं हा गुन्हा आहे. माझ्या फॉर्मवर ‘शांतलिंग, टाइमकीपर’ एवढंच आहे.

मग विरुपाक्षनं नकाशा पसरला आणि म्हणाला, “तुमी सगळे गावच्या वेशीत उभे हाव. पुढं सगळा मुलूख मोकळा हाय. काय करताव, सांगा.”

तात्याराव डोंगराकडं निघाले, गुलाब नदीकडं, बब्रुवान जंगलाकडं. तिघंही जाळ्यात सापडले. मी शांतपणे म्हणालो, मी इथंच थांबतो. कोण किती वाजता बाहेर गेलं ते लिहून ठेवतो.

विरुपाक्षनं दोनदा विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. त्याचा चेहरा पडला. डाव उलटल्यावर पडतोच.

२८ जानेवारी, बुधवार
खेळातल्या नदीला पाणी आहे. गुलाबनं पहिले तीन दिवस फक्त आंघोळ केली. चोर भेटले, वाघ आला, कुणी राजकन्या हाका मारून गेली, हा पाण्यातून बाहेर यायला तयार नाही. कॉलनीत टँकर चार दिवसांनी येतो, त्यामुळं कुणी त्याला काही बोललं नाही. उलट सगळे जरा वेळ नकाशावरच्या त्या निळ्या रेघेकडं बघत बसले. मीही बघितलं, पण नोंद ठेवत बघितलं.

तात्याराव मांत्रिक झाले आहेत. त्यांनी पहिलं हेच विचारलं की पाऊस पाडायचा मंत्र कितवा. विरुपाक्ष म्हणाला, तो फार पुढं आहे. तात्याराव नाराज झाले. म्हणाले, कारखान्याच्या चेअरमननं पण मला हेच सांगितलं होतं.

माझी हजेरी वेशीवर रोजची. खाडा नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गुलाबला कसंबसं पाण्याबाहेर काढून तिघं घाटात पोचले, तिथं ड्रॅगन आडवा आला. ड्रॅगन म्हणजे पंख असलेला अजगर, तोंडातून जाळ काढणारा. विरुपाक्षनं विचारलं, काय करताव? तात्यारावांनी तातडीची सभा बोलावली. विषय क्रमांक एक, ड्रॅगन. गुलाब सूचक, तात्याराव अनुमोदक. ठराव झाला की शिष्टमंडळानं ड्रॅगनला लेखी निवेदन द्यावं आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. मी वेशीवरून हरकत घेतली की तिघांची गणपूर्ती होत नाही. त्यावर अर्धी सुट्टी गेली. विरुपाक्ष डोकं धरून बसला होता.

तेवढ्यात बब्रुवान म्हणाला, “तवर मी त्याच्या बाजूनं हळूच निघून जातो.” वीस बाजूंचा फासा टाकला, एकोणीस पडले. गेला की घाटापलीकडं. ठराव नाही, परवानगी नाही, मागं वळून बघणं नाही.

बब्रुवानवर लक्ष ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
मेंढीकोटमध्ये आज दोन मेंढ्या गेल्या. मी बब्रुवानकडं बघत होतो, आणि त्याच्या भुवया खिडकीबाहेर. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. दुसरा डाव खेळलाच नाही, तो नकाशाकडं गेला. समुद्र कुणीकडं आहे, असं विचारत होता.

शक्यता एक: एम.डी. साहेबांनी त्याला आधीच फोडला आहे आणि तो मुद्दाम मोकळा हिंडून आम्हाला नादी लावतो आहे. शक्यता दोन: त्याला खरंच समुद्राकडं जायचं आहे. दुसरी शक्यता पटण्यासारखी नाही. आमच्या दुष्काळी वाशीचा माणूस समुद्राचं काय करणार?

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
सुट्टी असून बब्रुवान क्वार्टरवर आला. कारण सांगितलं नाही. मी सावध झालो. छावणीच्या चाऱ्याबद्दल बोललो, बोअरला किती फुटांवर पाणी लागतं यावर बोललो, त्याला मध्ये बोलायला जागा ठेवली नाही. शेवटी त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “अप्पा, तुमी कदी समुद्र बघितलाव का?”

सरळ सापळा. मी म्हणालो, या विषयावर मला काही सांगायचं नाही.

तो हसला आणि गेला. गिरिजाबाई म्हणाली, त्याला काहीतरी सांगायचं होतं, तुमी सांगू दिलं न्हाय. हिला मी दहा वेळा सांगितलं आहे की माणूस काहीतरी सांगायला येत नाही, काढून घ्यायला येतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार
खेळात दर्यासारंग परत आला. घाट, जंगल, नदी, सगळं उलटं ओलांडून. विरुपाक्षनं सांगितलं की यात त्याचे सहा दिवस गेले आणि वाटेत लांडग्यानं पाय धरला. सगळ्यांना वाटलं काही विसरलं असेल. तो वेशीत आला आणि मला म्हणाला, “अप्पा, चला. लई मोठं हाय तिकडं. तुमच्याबिगर मजा न्हाय.”

मी तांब्याभर पाणी प्यालो. जेवणात मिरची जास्त पडली असेल.

मी त्याच्या येण्याची वेळ मांडली आणि म्हणालो, जागा सोडता येणार नाही. तो परत निघाला. जाण्याचीही वेळ मांडली.

२ मार्च, सोमवार
आता स्वस्थ बसणं धोक्याचं. विरुपाक्ष आपल्या मनाचं काहीतरी वर कळवणार, त्याआधी एम.डी. साहेबांकडं खरी हकीकत गेली पाहिजे. सकाळी अहवाल लिहायला घेतला. चार पानं, दोन प्रती.

तात्याराव: अधिकार नसताना पावसाबाबत चौकशी करतात. गुलाब: कामाच्या वेळी पाण्यात असतो. हे भराभर लिहून झालं.

बब्रुवानच्या नावापाशी पेन थांबलं. कँटीन बंद आहे, नाहीतर चहा मागवला असता. मग ठरवलं की मित्र म्हणून काही लिहायचं नाही, जे घडलं तेवढंच लिहायचं. म्हणून लिहिलं: “सदर इसम कुठेही जाऊ शकतो. कोणाची परवानगी मागत नाही. अनोळखी मुलखाला घाबरत नाही, वाट चुकल्यास नवी काढतो. एका जागी टिकून राहील असा भरवसा देता येत नाही.” तो माझ्यासाठी परत आला होता, हे लिहिलं नाही. ते कामकाजाशी संबंधित नाही.

स्वतःबद्दल एकच ओळ: “खाली सही करणार वेशीवर सलग सहा आठवडे हजर असून एकही खाडा नाही.”

पाकीट बंद केलं. बरं वाटायला हवं होतं. उद्या वाटेल.

९ मार्च, सोमवार
एम.डी. साहेबांनी बोलावलं. अहवाल समोर होता. त्यांनी विचारलं, हे ड्रॅगन कोणत्या विभागात आहे?

वा. काय अभिनय. आपण काहीच करवलं नाही असं इतकं बेमालूम दाखवणारा माणूस मी पाहिला नाही. मीही ओळख दाखवली नाही. खेळाची हकीकत पहिल्यापासून सांगितली, जणू त्यांना माहीतच नाही. ते ऐकत होते. मध्येच रुमाल तोंडाला लावून खोकले. मग बब्रुवानचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, हा खरंच असा आहे? मी म्हणालो, अकरा वर्षं समोर बसतो माझ्या, खोटं कशाला लिहू.

त्यांनी परिच्छेदाखाली लाल रेघ मारली. माझ्या ओळीखालीही मारली.

१७ मार्च, मंगळवार
काम झालं आहे. हेड टाइमकीपरची जागा मागच्या दिवाळीपासून रिकामी आहे. गिरिजाबाईला अजून बोललो नाही, पण पांढरा सदरा धुवायला सांगितला. तिनं विचारलं, पाणी कुठाय?

बब्रुवानच्या नोकरीचं वाईट वाटतं. गेली तर मी साहेबांकडं शब्द टाकीन. हेड टाइमकीपरच्या शब्दाला वजन असतं.

मेंढीकोट नीट झालं आज. त्यानं मला बघून भुवया उडवल्या आणि मी खाली बघितलं. पत्ते चांगले होते, तरी हरलो.

२४ मार्च, मंगळवार
दोन ऑर्डरी निघाल्या. नोटीस बोर्डावर आहेत. उतरवून ठेवतो.

पहिली. साखर संघाला बंदरावर साखर वजन करून उतरवून घेण्यासाठी काट्याचा अनुभवी माणूस हवा होता. दोन महिन्यांत सात जणांना विचारलं, घर सोडून इतक्या लांब जायला कुणी तयार नव्हतं. त्या जागी श्री. बब्रुवान यांची नेमणूक करण्यात येत आहे.

दुसरी. मुख्य गेटवरचे पहारेकरी निवृत्त झाले असून कपातीमुळे ती जागा भरता येत नाही. श्री. शांतलिंग यांची वेशीवरील चिकाटी लक्षात घेऊन टाइम ऑफिस गेटच्या खोलीत हलवण्यात येत असून गेटचं काम त्यांनी आपल्या कामाखेरीज पाहावं.

साहेबांची चाल अजून लक्षात येत नाही. काहीतरी दीर्घ धोरण असणार. गेट म्हणजे कारखान्याचं तोंड.

गिरिजाबाईनं ऐकलं आणि पांढरा सदरा घडी करून पेटीत ठेवला. मग म्हणाली, खुर्ची तरी देतील का?

२७ मार्च, शुक्रवार
साहेबांनी माझा अहवाल बब्रुवानला दाखवला आहे. विश्वासघात. वर ‘गोपनीय’ असं दोनदा लिहिलं होतं.

तो मला शोधतो आहे असं कळल्यावर मी तात्यारावांच्या स्टोअरमध्ये रिकाम्या पोत्यांची मोजणी करायला गेलो. अचानक मोजणी करायचा मला अधिकार आहे. तिथंही तो आला. मी तयारीत होतो. नियमानं लिहिलं, व्यक्तिगत काही नव्हतं, असं म्हणायचं पाठ केलं होतं.

तो पोत्यावर बसला. म्हणाला, “अप्पा, तुमच्या घरी म्या ह्योच इचार घिऊन आलतो. बंदराच्या जागंचं साहेबांनी आदीच इचारलं हुतं. सात जणात एक मीच हुतो, भेऊन न्हाय म्हनलो. तुमाला इचारावं म्हनलं, जाऊ का नको.”

मी पोती मोजत राहिलो.

“मग मागल्या आठवड्यात साहेबांनी तुमचा कागद वाचाया दिला. बब्रुवान कुठंबी जाऊ शकतो, असं लिवलंय त्यात. वाट चुकली तर नवी काढतो. माझ्याबद्दल असं आजवर कुनी बोललं बी न्हाय, तुमी तर सही करून लिवलं. तवा म्या हो म्हनलो.”

त्याचे डोळे भरले होते. माझा हात धरला. मला सांगायचं होतं की ते मी तुझ्या भल्यासाठी लिहिलं नव्हतं. सांगितलं नाही. चौकशीला बाध आला असता.

हे वाक्य आत्ता परत वाचलं. कसली चौकशी? मला त्याची लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी ९.२०
बब्रुवान गेला. गुलाबनं जीपमधून येडशी स्टेशनपर्यंत सोडलं. बायको कडूबाई, एक ट्रंक, एक वळकटी. गेटवर जीप थांबली. गेटमधून जाणाऱ्याची नोंद घेणं माझं काम. नाव लिहिलं. वेळ लिहिली. कारण, बदली. परत येण्याची वेळ असा एक रकाना असतो. पेन धरून बसलो. गुलाबनं हॉर्न वाजवला नाही.

बब्रुवान खाली उतरला, पाया पडला. म्हणाला, “या की अप्पा. लई मोठं हाय म्हनं.” मी म्हणालो, बघू, रजेचं बघावं लागेल. माझी दोनशे चाळीस दिवसांची रजा शिल्लक आहे, हे त्याला माहीत आहे.

गेटची दांडी मीच वर केली.

३ एप्रिल, शुक्रवार. दुपारी २.२०
तीन दिवसांत गेटमधून एकूण नऊ नोंदी. त्यातल्या दोन टँकरच्या.

करमत नाही. लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

जेवणाच्या सुट्टीत गेटला कुलूप लावून प्रयोगशाळेत गेलो. विरुपाक्ष एकटाच डबा खात होता. त्याला म्हणालो, मी वेशीतून निघायला तयार आहे. यात मला काहीही संशयास्पद वाटत नाही. तो खूश झाला. हात न धुताच त्यानं खोका काढला, नकाशा पसरला, माझा फॉर्म शोधून समोर ठेवला आणि विचारलं, “बोला अप्पा, कुठं जायाचं?”

डोंगर पाहिला. जंगल पाहिलं. नदी पाहिली. कडेला निळा समुद्र आहे, तिथं दर्यासारंगची खूण होती, ती आता पुसलेली आहे. विरुपाक्ष घाई करत नव्हता. फासा माझ्या हातात गरम झाला होता. मला एकही जागा सुचली नाही.

दोनचा भोंगा झाला. म्हणालो, विचार करून कळवतो, आणि गेटवर आलो.